लाल ठिपक्यांचे आप्पा

गळ टाकलेल्या माणसाने बुचाकडे बघायचं असतं. बूच दबलं की हिसका द्यायचा आणि मासा वर घ्यायचा, इतकं हे शास्त्र सोपं. आप्पांचं तसं नाही. आप्पा गुडघाभर पाण्यात उभे असतात, हातात कळकाची काठी असते, काठीला तंगूस, तंगुसाला मोरपिसाचं बूच. आणि आप्पांची मान मात्र पूर्ण उलट्या अंगाला, काठावरच्या एका दगडाकडे वळलेली. बूच दबतं, वर येतं, पुन्हा दबतं. मासा गांडूळ खातो, सावकाश खातो, संपवून निघून जातो. आप्पांना पत्ता नसतो. दगडावरून मात्र त्यांची नजर हलत नाही.

“आप्पा, गळाला लागलंय!” पलीकडून कुणीतरी ओरडतं.

“लागू दे. दगूड कोरडा हाय का बघ.”

आप्पा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. धरणाच्या खालच्या अंगाला जिथे जिथे माणसं पाण्यात उतरून मासे धरतात, तिथे असा एक तरी आप्पा असतोच. भीमेवर असेल, मुठेवर असेल. मी सांगतोय ते कोयनाकाठचे, पाटणच्या अलीकडल्या एका वाकणावरचे. वय साठीच्या पुढे, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, गळ्यात एका दोऱ्यात शिट्टी आणि दुसऱ्या दोऱ्यात दाढीच्या ब्लेडचं पान, खोक्याच्या पुठ्ठ्यात गुंडाळलेलं. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. त्यामुळे शिट्टीचा सराव आहे आणि माणसं भराभर वर घ्यायचाही. पूर्वी गाडीत घ्यायचे, आता काठावर घेतात. “चला, चला, वर चला, दारात उभं ऱ्हाऊ नका” हे ते नदीतल्या माणसांना म्हणतात तेव्हा नव्या माणसाला जरा गोंधळायला होतं.

कोयनेचं पाणी समजायचं तर आभाळाकडे बघून उपयोग नाही, हे आप्पांचं पहिलं म्हणणं. आणि ते खरं आहे. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे जातं, वीज करतं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळतं. पाणीवाटपाच्या लवादाने त्यालाही माप घालून दिलंय, वर्षाला ६७.५ टीएमसी. उरलेलं पूर्वेला, म्हणजे आप्पांच्या गुडघ्यांकडे. पावसाळ्यात धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की हजारो क्युसेक पाणी येतं, मुळगावचा पूल बुडतो, पेपरात फोटो येतो. आप्पा त्याला घाबरत नाहीत. “तवा नदी बघूनच पोटात गोळा येतोय. कोण उतरतंय?” त्यांची भीती निराळ्या महिन्यांची आहे. मार्च-एप्रिलात आभाळ कोरं असतं, करंजाला नवी पालवी आलेली असते, नदी इतकी उथळ की पोरं चालत पलीकडे जातात, आणि धरणाच्या पायथ्याला जे वीजगृह आहे त्यातलं एक युनिट कुणीतरी चालू करतं. युनिटं दोन आहेत, वीस-वीस मेगावॅटची. एक चाललं तर साधारण १,०५० क्युसेक, दोन्ही चालली तर २,१००. हे आकडे पेपरात रोज छापून येतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काही होत नाही. आप्पांना होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या वर थोडं. तेव्हा एक युनिट म्हणजे सेकंदाला जवळपास तीस हजार लिटर. हा गुणाकार त्यांनी तिकिटांच्या हिशेबाच्या जुन्या वहीत करून ठेवलाय आणि मागितला नसताना दाखवतात.

“धा हजार लिटरचं तीन टँकर. एका शेकंदाला. ‘एक’ म्हणूस्तवर तीन. आता धापतूर मोज.”

माणूस मोजतो. “धा” म्हणून झालं की आप्पा त्याच्याकडे बघत गप्प राहतात. मग म्हणतात, “तीस. आनि तू अजून हितंच.”

आता हे युनिट उन्हाळ्यात चालू कशाला होतं, हा प्रश्न साध्या गळवाल्याला पडत नाही. आप्पांना पडला, आणि त्यातून त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला. उन्हाळ्यात पूर्वेला पाणी सुटतं ते सांगली जिल्ह्याच्या मागणीवरून. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलतात, आणि तोवर कृष्णेत जे काही वाहत असतं ते बरंचसं कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेने घातलेलं असतं. टेंभूचं पाणी पुढे चढत चढत पार आटपाडीपर्यंत जातं. तेव्हा पाटणच्या वाकणावर आप्पांच्या गुडघ्याला लागणारं पाणी कमरेला कधी लागणार, हे आटपाडीच्या डाळिंबावर ठरतं. आणि आप्पांची धाकटी लेक दिलीय आटपाडी तालुक्यात. (लग्न आधीचं, शोध नंतरचा, असं आप्पा शपथेवर सांगतात. काकूंना अजून शंका आहे.)

रोज सकाळी फोन होतो.

“पाव्हणं, कसं काय?”

“बरं हाय मामा.”

“डाळिंब?”

“माना टाकायला लागलंय.”

“मग आवर्तन?”

“सोमवारी सुटंल म्हणत्यात.”

“बरं बरं. जपून ऱ्हावा.” आणि फोन बंद.

सोमवारी आटपाडीला पोचायचं पाणी आपल्या अंगावरून त्याच्या आधी जाणार, इतकं आप्पांना कळतं. म्हणून शुक्रवारपासूनच त्यांची शिट्टी सुरू होते. मधल्या खडकावर जायचं नाही, लहान पोरं आणायची नाहीत, गळ काठावरूनच टाकायचा. इकडे जावईबापू गावात सांगत सुटलेत की सासरा असावा तर असा. रोज फोन करतो आणि लेकीच्या, नातवाच्या आधी बागेची चौकशी करतो. एकदा त्यांना राहवलं नाही. त्यांनी डाळिंबाच्या चार पेट्या पाठवल्या. आप्पांनी त्या नदीवर वाटल्या आणि प्रत्येकाला दाणे सोलून देताना बजावलं, “गोड लागतंय न्हवं? ह्येच्याच पाण्यानं तू मरणार हायस.”

पण जावयावर भरवसा ठेवून माणसाने पाण्यात उतरू नये, हेही आप्पाच सांगतात. धरणावरच्या कचेरीत फोन केला तर तिथला माणूस भला आहे, तो म्हणतो, “मागणी आली की सोडू.” मागणी कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून दगड.

उतरायच्या आधी आप्पा पाण्याच्या कडेचा एक दगड हेरतात, निम्मा आत, निम्मा बाहेर. पाण्याच्या रेघेच्या वर दोन बोटांवर ऑइलपेंटचा ठिपका देतात. रंग एसटीचा तांबडा. दुसऱ्या रंगाला ते रंग मानत नाहीत. ठिपक्याला पाणी लागलं की निघायचं. ‘बघू जरा’ नाही, ‘एवढा शेवटचा’ नाही. दगडाच्या जोडीला आणखी बारीकसारीक खुणा आहेत. स्वच्छ पाण्यात एकाएकी कोरडी पानं आणि काटक्या तरंगत आल्या तर समजावं, वर कुठेतरी पाणी काठावर चढून कचरा उचलून घेऊन निघालंय. पोटऱ्यांना अचानक गार लागलं तर ते धरणाच्या तळचं पाणी असू शकतं. खळखळ वाजणारा एखादा धोंडा गप्प झाला, तर तो बुडाला. ही शेवटची खूण आप्पांची खास लाडकी. ते पाण्यात उभं राहून डोळे मिटतात आणि धोंडे ऐकतात. अशा वेळी त्यांना कुणी हाक मारली तर फार चिडतात.

या लाल ठिपक्यांवरून एकदा भलतंच झालं. वाकणाच्या खालच्या अंगाला धुणं धुवायची जागा आहे. तिथल्या बायकांना एका सकाळी पाण्याच्या कडेला तांबडा टिळा लावलेला दगड दिसला. पुढच्या आठवड्यात त्या दगडावर शेंदूर आला. मग हळदकुंकू, मग दोन लिंबं, मग नारळ. नदीकाठचा शेंदूर लावलेला दगड म्हणजे म्हसोबा, यात कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. आप्पांचीही सुरुवातीला तक्रार नव्हती. नारळ त्यांनीच खाल्ला. पण एका भक्ताला दया आली. देव दिवसरात्र पाण्यात भिजतोय म्हणून त्याने दोघांच्या मदतीने देव उचलला आणि चार हात वर उंबराच्या बुडाशी नेऊन ठेवला. आप्पा दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आले, अंधुक उजेडात दगड शोधला, ठिपका कोरडा बघून पाण्यात उतरले. पाणी मांडीला लागलं तरी ठिपका कोरडा. मांडीच्या वर आलं तरी कोरडा. तेव्हा आप्पांना घाम फुटला. ते धडपडत बाहेर आले आणि म्हसोबापुढे उभं राहून त्यांनी जे काही म्हटलं ते मासिकात छापता येणार नाही.

देव जागेवर परत आणायला मात्र डोकं लागतं. आप्पांनी रागाने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. त्यांनी धुण्याच्या जागेवर नुसतं सहज म्हणून सोडलं की रात्री स्वप्नात कुणीतरी काळा पुरुष आला होता, ‘माझं पाय कोरडं पडल्यात’ म्हणाला. चार दिवसांत देव वाजतगाजत पाण्याच्या कडेला परत. वर सिमेंटचा ओटा आणि नदीत उतरणाऱ्या तीन पायऱ्या. आप्पांनी ओट्याचं काम उभं राहून करून घेतलं, वर्गणीही दिली, आणि गवंडी गेल्यावर पायऱ्यांवर आकडे टाकले. तेव्हापासून रीत ठरून गेली आहे. खालची पायरी भिजली की गळ बंद, मधली भिजली की धुणं बंद, वरची भिजली की देवाला हात रस्त्यावरूनच जोडायचे. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाकडे बघतात, चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका. “त्येंचा आयर्विन, आमचा म्हसोबा,” आप्पा म्हणतात. बायका खरोखरच ऐकतात. आप्पांची शिट्टी न ऐकणारी माणसं म्हसोबाची पायरी ऐकतात, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

न ऐकणाऱ्यांत सगळ्यात अवघड जात म्हणजे जाणकारांची. परका माणूस घाबरवला तर घाबरतो. पण ‘हितंच वाढलोय’ म्हणणारा माणूस आला की आप्पांचा चेहरा पडतो. हा जाणकार पोहायला पट्टीचा असतो, कुठल्या डोहात वाम बसते आणि कुठल्या कपारीत मरळ, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि मधल्या खडकावर बसून तो विडी ओढत असतो.

“आप्पा, उगंच नका शिट्ट्या मारू. नदी मला कळतीया.”

“कवा जन्मलास?”

“शाऐंशीला.”

“मग तू नदी बघितलीयास कुठं? तू जन्मायच्या आदुगर धरण झालं. तू जे बघतोयस ती नदी न्हवं, नळ हाय. आनि चावी तुझ्या हातात न्हाय.”

यावर जाणकाराकडे उत्तर नसतं, तो नुसता धूर सोडतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर आप्पांच्या सगळ्या बोलण्यात हे एक वाक्य वजनदार आहे. नदीचा स्वभाव शिकता येतो. पाऊस, उतार, वळण, सगळ्यांची तिच्यात संगती असते. पण कुठल्याशा खोलीत टेबलावर आलेल्या कागदाने वाढणाऱ्या पाण्याचा स्वभाव कुठल्या डोहात शिकायचा? पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण इथे अडचणच करतं, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो.

मधल्या खडकाचं वैर आप्पांनी आयुष्यभर जपलंय. खडक आहे मोठा झोकदार. पलीकडे खोल धार, मासा तिथेच. अलीकडे काठापासून खडकापर्यंत घोटाभर पाण्याची एक चिंचोळी पन्हळ, ती ओलांडली की झालं. सगळे तिथेच जाऊन बसतात. पाणी वाढतं तेव्हा खोल धारेत लगेच काही दिसत नाही. ती आधीच भरलेली असते. फरक पडतो तो मागच्या पन्हळीत. खडकावरचा माणूस बुचाकडे बघत समोर तोंड करून बसलेला असतो आणि पाठीमागे घोट्याची पोटरी होते, पोटरीची मांडी होते. पाणी भरतं तसं पळायलाही लागतं, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. “गुडघाभर पाण्यात माणूस बुडत न्हाय,” आप्पा समजावतात, “पडतो. बुडायचं काम नंतर.” म्हणून त्यांचा नियम असा की बसायचं तर अशा जागी, जिथे आपला काठ आणि आपण यांच्या मध्ये पाणी नाही. या नियमात मासा मिळत नाही हे त्यांनाही मान्य आहे.

“पण भोंगा वाजतो की!” असं एखादा म्हणतो. वाजतो, नाही कशाला. पण धारेत उभ्या माणसाच्या कानात धारेचाच आवाज भरलेला असतो, आणि खाली कोसभर अंतरावर भोंगा पोचत नाही, पाणी तेवढं पोचतं. त्यातूनही कुणाला ऐकू आलाच, तर तो शेजारच्याला विचारतो, “बारा वाजले व्हय?” मोबाइलवरही निरोप येतो, नदीपात्रात कुणी उतरू नये म्हणून. पण नदीत उतरणारा माणूस मोबाइल भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काठावर चपलेत ठेवून गेलेला असतो. “म्हंजी निरोप कुणाला, तर चपलेला,” आप्पा म्हणतात. “चप्पल बिचारी जाग्यावर सुखरूप ऱ्हाती.”

नुसतं सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं, अशी आप्पांची श्रद्धा. वाहून जायची वेळ आलीच तर काय करायचं, याचं प्रात्यक्षिक ते जिथे प्रेक्षक मिळेल तिथे देतात. बाजाराच्या दिवशी पाटणात चहाच्या हॉटेलापुढे दोन कॉलेजची पोरं गळाचं सामान घेऊन दिसली, तेव्हा आप्पांनी कप खाली ठेवला आणि तिथेच फरशीवर उताणे आडवे झाले. पाय पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, हात दोन्ही बाजूंना, नाक वर.

“पाय धारंच्या दिशेला! बोटं पाण्याच्या वर! खडाक आला तर पायांनी ढकलायचा. मधीच हुबं ऱ्हायचं न्हाय! पाय कपारीत आडाकला की धार मुंडकं खाली दाबती! हातानं वल्हवत तिरकं, तिरकं काठाला…”

पोरं ऐकत होती. पण बाजार मोठा, आणि मागच्यांना फक्त हातपाय हलवणारे आप्पा दिसत होते. भाजीवाली एक मावशी कांदा फोडून धावत आली आणि तिने तो आप्पांच्या नाकाला लावला. दुसऱ्या एकाने पायातली चप्पल काढली.

“मावशे, बाजूला हो, मी वाहात चाललोय!”

“आगं बया, बडबडायला बी लागला!” मावशीने कांदा आणखी दाबला.

आप्पांना उठून बसता आलं असतं. पण मधेच उभं राहायचं नाही हा धडा ते स्वतःच देत होते, मग मोडणार कसे? ते तसेच वल्हवत, तिरके तिरके, हॉटेलाच्या पायरीपर्यंत सरकले आणि काठ लागल्यावरच उठले. तोवर कुणीतरी १०८ ला फोन लावला होता. गाडी आली. गाडीवाल्यांना फेरी फुकट पडू नये म्हणून आप्पांनी त्यांनाही सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. कांद्याचे पैसे मावशीने घेतले नाहीत.

आप्पांच्या खिशात एक पेपरचं कात्रण असतं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. ८ जून २०१४. हिमाचलमधला मंडी जिल्हा, बियास नदी. हैदराबादहून सहलीला आलेली इंजिनिअरिंगची मुलं नदीतल्या खडकांवर फोटो काढत होती आणि वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं. २४ विद्यार्थी गेले, आणि सहलीबरोबरचा एक माणूस. हे कात्रण दाखवताना आप्पा एकही शब्द बोलत नाहीत. कात्रण हातात देतात, वाचून होईपर्यंत थांबतात, परत घेतात, घडीवर घडी बसवून खिशात ठेवतात. मग गळाला नवं गांडूळ लावायला घेतात.

कुणी म्हणेल, इतकी भीती वाटते तर हा माणूस पाण्यात उतरतो कशाला? कारण मासा. आप्पांचं मूळ दुखणं मासाच आहे. धरणाखाली मासा जास्त, हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वर जायची वाट भिंतीने अडवलेली, पाणी खेळतं, खाणं वाहून येतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मासा खुळ्यासारखा लागतो तो पाणी चढायला सुरुवात होते त्याच घटकेला. काठावरचे किडे, गांडुळं, सगळं धुऊन पाण्यात यायला लागतं आणि नदीत पंगत बसते. इतर लोक या घटकेची दिवसभर वाट बघतात. आप्पाही बघतात, आणि ती आली की काठी गुंडाळून शिट्टी फुंकत वर येतात. त्यांच्या बुट्टीत चार बोटांएवढ्या चिलापीपेक्षा मोठं काही मी पाहिलेलं नाही. मोठा मासा घरी न्यायचा असला तर ते बाजारातून विकत घेतात. काकू तो बघून म्हणतात, “आज दगूड कोरडा व्हता वाटतं.”

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचा एक पोरगा आला. रीळ लावलेली महागडी काठी, डोक्यावर कॅमेरा, अंगात छातीपर्यंतची रबरी विजार. आप्पांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“ह्येला कमरंला पट्टा कुठाय?”

“लागत नाही काका.”

“पडलास आनि वरनं पाणी शिरलं की दोन्ही पाय घागरी हुतील तुझं.” आणि त्यांनी खिशातली सुतळी काढून त्याच्या कमरेला तीन वेढे देऊन गच्च आवळली. पोराने कॅमेऱ्यापुढे हसून घेतलं. त्याच्या गळाला गांडूळ नव्हतं, रबरी बेडूक होता. साडेचारशे रुपयांचा. आप्पांनी किंमत दोनदा विचारली. “पावसाळ्यात ये,” ते म्हणाले, “फुकट उड्या मारत्यात.”

पोरगा अर्थातच मधल्या खडकावर गेला. तासाभराने त्या बेडकावर मरळीने अशी उडी घेतली की काठावरचे सगळे उभे राहिले. रीळ कर्रकर्र वाजायला लागलं. त्याच वेळी आप्पांनी म्हसोबाकडे बघितलं. खालची पायरी ओली.

शिट्टी वाजली. “दोन मिनिटं काका!” पुन्हा शिट्टी. “अहो, केवढी आहे बघा तरी!” मरळ खरंच मोठी होती. ती खोल धारेतून वळली, खडकाला वळसा घालून पन्हळीत शिरली आणि काठाकडे आली. दोरा ताणत ताणत आप्पांच्या नाकासमोर आला. आप्पांनी गळ्यातलं ब्लेड काढलं आणि तो कापला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग पोरगा जो ओरडला! काठी खडकावर टाकून तो तावातावाने पन्हळीतून काठाकडे निघाला, आप्पांची गचांडी धरायलाच. पोटरीएवढं पाणी होतं, ते त्याला जाणवलंसुद्धा नाही. तो काठावर पोचला, आप्पांनी त्याला हात देऊन वर घेतलं, आणि मग भांडण सुरू झालं.

आता इथे पाणी धो धो येऊन खडक गिळंकृत करतं असं सांगता आलं असतं तर गोष्टीला शोभलं असतं. पाणी वीतभर चढलं आणि थांबलं. खडक होता तसा कोरडा, त्यावर महागडी काठी, आणि काठीशेजारी एक धोबी पक्षी शेपटी हलवत बसलेला.

“बघा! बघा तो पक्षी!” पोरगा थरथरत होता. “तो बसलाय ना आरामात?”

“त्येला उडता येतंय,” आप्पा म्हणाले.

पोराने मरळीचा दावा सोडला, बेडकाचा सोडला नाही. साडेचारशे. आप्पांचं म्हणणं पडलं की बेडूक नवा होता तेव्हा साडेचारशेचा. आता त्याला मरळीचे दात लागलेत, म्हणजे तो सेकंडहँड. दीडशेपासून सुरू झालेली घासाघीस तीनशेवर मिटली. आप्पांनी चड्डीच्या खिशातून अडीचशे काढून मोजले आणि सुट्टे नाहीत म्हणून पोराच्या हातातल्या पावतीच्या मागे पेनाने ‘५० बाकी’ लिहून खाली सही ठोकली.

ते पन्नास अजून बाकी आहेत. पुढच्या खेपेला पोरगा आला तो कमरेला स्वतःचा पट्टा लावून आला, आणि नव्या बेडकाच्या मागे त्याने हातभर स्टीलची तार जोडली होती. आप्पांनी तार बोटाने चाचपली, ब्लेड लावून पाहिलं, काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी पाटणच्या बाजारातून पक्कड आणली.